चार डब्यांचं घर

सोमचितनं आइस्क्रीमचा धंदा सोडला, पण घंटा सोडली नाही. मोटरसायकलच्या दांड्याला ती अजून तशीच टांगलेली आहे. मागे बांधलेली बर्फाची पेटीसुद्धा जुनीच. फक्त तिच्यावरचं नारळाचं चित्र आम्ही पांढरा रंग फासून झाकलं, आणि उन्हापावसानं तो रंग उडाला की ते खालून पुन्हा डोकावायला लागतं. पूर्वी तो घंटा वाजवत गावात शिरला की पोरं धावायची. आता बायका खांबांवरच्या घरांतून शिडीवरून खाली येतात, इकडेतिकडे बघतात आणि सिनच्या, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या वस्त्राच्या, घडीत लपवलेली झाकणाची डबी त्याच्या हातात सरकवतात. डबीत घरातल्या कुणाची तरी सकाळची शी असते.

"दादा, ती घंटा काढून टाक आता," मी त्याला कितीदा म्हटलं. "पोरं आइस्क्रीम समजून पळत येतात, बरं दिसतं का ते?"

"येऊ देत की. आइस्क्रीम नाही म्हटल्यावर घरी जातात आणि रडत रडत का होईना, आईला सांगतात, डबीवाला आलाय."

मी बुआवान. थाखेकला नदीच्या अंगाला आमची छोटी प्रयोगशाळा आहे, तिथं सोमचितनं आणलेल्या डब्या उघडायचं काम माझ्याकडे. माझं तोंड तिखट आहे असं लोक म्हणतात. दिवसभर माझ्या नाकासमोर काय असतं ते त्यांनी एकदा येऊन बघावं, मग बोलावं.

काम तसं समजायला सोपं आहे. आपल्या सगळ्यांच्या आतड्यांत जीवाणूंची मोठी वस्ती असते आणि तिचं आपलं बरं चाललेलं असतं. पण इकडे जो तो कोपऱ्यावरच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या कॅप्सूल घेतो. खोकल्याला कॅप्सूल, पाठदुखीला कॅप्सूल, झुंजीत जखमी झालेल्या कोंबड्याला कॅप्सूल. साधे जीवाणू त्यानं मरतात आणि मुजोर तेवढे मागे उरतात. ते पोटात गुपचूप बसून असतात, माणसाला पत्ताही नसतो. पण पुढेमागे ते रक्तात उतरले तर हॉस्पिटलातलं औषध त्यांच्यापुढे हात टेकतं. म्हणून धडधाकट माणसांच्या डब्या आणायच्या आणि मुजोर किती वाढले त्यावर डोळा ठेवायचा. आमच्या प्लेटमधल्या जेलीत औषध मिसळलेलं असतं. त्यावर डबीतलं किंचित पसरायचं, उबेच्या कपाटात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी बघायचं. जे उगवलं ते मुजोर. त्यांचे रंगही ठरलेले, एका जातीचे ठिपके गुलाबी, दुसऱ्या जातीचे निळे.

हे सगळं मला प्रयोगशाळेत बसून करता येतं. गावोगाव फिरून लोकांकडे शी मागणं मला सात जन्मांत जमलं नसतं. सोमचित पंचावन्नच्या आसपासचा, बुटका, पायात बारमाही रबरी चपला. तरुणपणी नदी ओलांडून थायलंडला गेला, तिथं बर्फाच्या कारखान्यात राबला आणि परतल्यावर आइस्क्रीमची पेटी घेऊन नदीकाठची गावं पालथी घालायला लागला. कुणाच्या घरी कोण, कुणाचं कुणाशी वाजलंय, सगळं त्याला ठाऊक. तो कधी 'शी' असा शब्द काढत नाही. शिडीखाली उभा राहून विचारतो, "काय आजोबा, झाली का कापणी?" आजोबा म्हणतात, "कसली रे, यंदा पीकच नाही." मग दोघं हसतात आणि उद्या यायचं ठरतं.

त्याच्या मनगटावर पांढरे दोरे कायम असतात. लग्नाला गेला, बाळाला महिना झाल्याच्या सोहळ्याला गेला की कुणीतरी आशीर्वाद पुटपुटत दोरा बांधतंच. ते आपण होऊन गळेपर्यंत काढायचे नाहीत. मी त्याला कोपरापर्यंत साबणानं हात धुवायला लावते तेव्हा तो दोरे भिजतात म्हणून कुरकुरतो. मी म्हणते, आशीर्वाद पाण्यानं आटत नाही. तो म्हणतो, तुझ्या साबणाचा भरवसा नाही.

गेल्या वर्षी आमच्या डॉक्टर विसाय यांनी नवीन काम काढलं. हे मुजोर जीवाणू एका घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातात का, आणि जात असतील तर किती लवकर, हे त्यांना बघायचं होतं. डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणतात, कामाला वाघ, पण खूश झाले की लगेच हुरळतात. चार किंवा जास्त माणसांची घरं निवडायची ठरली. दर महिन्याला प्रत्येकाची एक डबी आणि बदल्यात घराला साबणाची वडी.

बान हातसाय गावातलं शेवटचं घर चान्पेंग आजीचं. आजी, मुलगी लाम्फोन, जावई आणि तीन वर्षांची नात तेंग. नावं घेतली तेव्हा सोमचितनं चौघांनाही डोळ्यांनी पाहिलं होतं. डब्या सुरू झाल्या त्या भाताची कापणी उरकल्यावर.

त्या घराच्या प्लेटा मला पहिल्यापासून खटकत होत्या. चारही प्लेटांवर गुलाबी ठिपक्यांची दाटी आणि मधूनमधून निळे. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. चारही शेजारी मांडल्या तर कुठली आजीची आणि कुठली जावयाची हे मला सांगता आलं नसतं. इतर घरांत असं नव्हतं. नवऱ्याचं गुलाबी तर बायकोचं निळं, एखाद्या पोराची प्लेट कोरी, असंच असायचं.

डॉक्टर हुरळले. "अहो ताई, हेच तर शोधत होतो आपण. घरभर एकच जीवाणू." त्यांनी ते जीवाणू राजधानीत, वियेंतियानच्या मोठ्या प्रयोगशाळेत ओळख पटवायला पाठवले. तिथून उत्तर आलं, चौघांचेही अगदी एकाच वंशाचे. डॉक्टरांनी राजधानीतल्या बैठकीसाठी त्या प्लेटांचे फोटो काढून ठेवले.

माझं घोडं पेंड खात होतं ते तेंगच्या डबीपाशी. त्या डबीत मिरचीच्या बिया होत्या. एखाददुसरी नाही, चांगल्या भरपूर. मी डॉक्टरांना बोलावून दाखवल्या.

"आपल्याकडे मुलं खातात मिरची," ते म्हणाले.

"तीन वर्षांची? तुमची खाते?"

त्यांची लेक तेवढीच होती. त्यांनी डबी पुन्हा उजेडात धरली. त्याच दुपारी वियेंतियानच्या प्रयोगशाळेतल्या त्यांच्या वरिष्ठ बाईंचा फोन आला. बाईंनी एवढंच विचारलं, "विसाय, ही चार माणसं आहेत, की एकच माणूस चार डब्यांत आहे?"

असं इतरत्र कधीकधी होतं. डब्या गोळा करणारा कंटाळतो, एका डबीतलंच चौघांच्या नंबरावर वाटून टाकतो आणि घरी जाऊन झोपतो. डॉक्टरांनी सोमचितला बोलावलं. मीही तिथंच होते.

"दादा, खरं सांगा. हातसायच्या शेवटच्या घराच्या डब्या तुम्ही भरल्यात का?"

"नाही."

"मग कुणी?"

सोमचित मनगटावरचा दोरा फिरवत राहिला. "डब्या घरातून आल्या, मी पेटीत ठेवल्या. पुढचं मला माहीत नाही."

पहिलं वाक्य खरं होतं आणि शेवटचं खोटं. त्याला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. डॉक्टरांनाही ते दिसलं. ते चिडले नाहीत, उलट फार मऊ आवाजात म्हणाले की असं असेल तर सगळ्याच गावांच्या डब्यांवर शंका येणार, आणि मग मला दुसरा माणूस बघावा लागेल. सोमवारपर्यंत विचार करा.

मी त्याला बेसिनपाशी गाठलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. "तुला कळतंय का? नोकरी जातेय तुझी. वर लबाड म्हणून नाव होतंय ते वेगळंच."

"जाऊ दे. पुन्हा आइस्क्रीम विकीन."

"त्या पेटीतून? कोण खाईल?"

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो वळून नळाखाली हात धुवायला लागला, कोपरापर्यंत, मी न सांगता. मला कळलं की हा कुणालातरी पाठीशी घालतोय आणि त्यापायी स्वतः बुडेल, पण तोंड उघडणार नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याच्या मोटरसायकलवर मागे जाऊन बसले. "चल हातसायला," म्हटलं. "नाही नेलंस तर चालत जाईन, आणि मग मला घाम आला की मी कशी बोलते ते तुला माहितीये."

घंटेचा आवाज ऐकून चान्पेंग आजी शिडीच्या वरच्या पायरीवर आली. किरकोळ अंगाची, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. तिनं मला बघितलं, मग सोमचितला. "आज कसा रे तू? आज तुझा दिवस नाही. माझी काही तयारी नाही अजून."

"डबीसाठी नाही आलो, आजी. ही आमची बुआवान. सहज आलीय."

"जेवलात का?"

शिडीखाली चपलांचे चार जोड ओळीनं लावले होते. एक जोड झिजलेला, त्यावर ओला चिखल. बाकीचे तीन कोरडे. लहानग्या गुलाबी जोडाच्या पट्ट्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं. सोमचितनं माझी नजर कुठे गेली ते पाहिलं आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

वर चटईवर आजीनं भाताची बांबूची टोपली ठेवली, भाजलेला मासा आणि लालभडक चेओ. चटणीच ती, पण जिभेवर ठेवली की कानातून वाफ निघेल अशी. आम्ही बसलो. भिंतीवर तीन कपडे टांगले होते, पुरुषाचा शर्ट, बाईचा झंपर आणि छोटा फ्रॉक. तिन्हींच्या बाह्यांना पांढरे दोरे बांधलेले होते.

"तेंग दिसत नाही, आजी," मी म्हटलं.

"शेतात गेलीय आईबरोबर."

"आत्ता शेतात काय?"

"मिरच्या तोडायला."

"मिरच्या तर डबीत होत्या, आजी. तेंगच्या."

बोलून गेले आणि लगेच वाटलं, जरा दमानं घ्यायला हवं होतं. आजीनं हातातला भाताचा गोळा टोपलीत परत ठेवला. सोमचित चटईच्या वेताकडे बघत होता. खाली अंगणात कोंबडा ओरडला.

"नदीपलीकडे आहेत," आजी शेवटी म्हणाली. "कापणी झाली आणि गेले. जावई घरं बांधायच्या कामावर, लाम्फोन एका खानावळीत भांडी घासते. पोरीला ठेवून जा म्हटलं, तर लाम्फोनला सोडवेना. तिचं तरी काय चुकलं."

"मग डब्या?"

"यानंच तर दिल्या होत्या चार." तिनं सोमचितकडे हनुवटी उडवली. "चार माणसांच्या चार."

"पण माणसं नव्हती ना इथं. तू एकच डबी द्यायची होतीस."

"एक दिली असती तर तुम्ही काय लिहिलं असतं?"

उत्तरही तिनंच दिलं.

"या घरात एक माणूस, असं लिहिलं असतं. खोटं आहे का?" ती उठली आणि भिंतीवरच्या शर्टाची बाही हातात घेतली. "माणूस लांब असला तर त्याच्या शर्टाला दोरा बांधतात, तो त्याला पोचतो. गावात सगळे बांधतात. तुझ्या आईनंही बांधला असेल. अंगातले बत्तीसच्या बत्तीस ख्वान, जीवाचे रखवालदार ते, जागच्या जागी राहावेत म्हणून बांधायचा. त्यांचे ख्वान मी इथं बांधून ठेवलेत. मी जेवते ते त्यांचं नाव घेऊन जेवते. मग डबीच तेवढी माझ्या एकटीची कशी?"

"आजी, अगं…"

"शेजारचं घर बघ जाताना. तिथंही असंच. दोघं गेले, मग तिसरा गेला, मग सगळे म्हणायला लागले, ते एका म्हातारीचं घर. तसं म्हणायला लागले आणि कुणी परत आलंच नाही. मी नाही मोजू देणार माझं घर असं."

मी तिला फैलावर घ्यायला गेले होते. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवूनही ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर तोंडातून निघेना. जीवाणू मोजायचं काम मी इतकी वर्षं करतेय, पण मोजणीची कुणाला अशी भीती वाटत असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मला रडू आलं आणि ते मी चेओवर ढकललं.

मग पाणी घ्यायला उठले तर माठाशेजारी प्लास्टिकच्या पुडीत कॅप्सूल दिसल्या, अर्ध्या लाल, अर्ध्या काळ्या. माझा आवाज आपोआप परत आला. "हे काय?"

"गुडघ्याचं औषध. दुकानवाली देते. गुडघा धरला की एक घेते. कोंबड्याचा पाय सुजला होता, त्यालाही उघडून घातली."

"आजी, हे गुडघ्याचं औषध नाहीच. तुझ्या पोटातले जीवाणू याच्यावर पोसून पैलवान झालेत. उद्या ताप भरला तर औषध लागू पडणार नाही तुला."

"मग दुखतं तेव्हा काय करू?"

"दुखायची गोळी घे, मी पाठवते. ही मला दे."

तिनं पुडी दिली. देताना म्हणाली, "मला काही झालं तरी चालेल, पण ती येईपर्यंत नको व्हायला." मग तिनं सोमचितच्या हातावर एक केळीच्या पानाची पुरचुंडी ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्यामुळे तुला कुणी काही बोललं का रे?"

"छे," सोमचित म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

परतीच्या वाटेवर त्यानं गाव मागे टाकलं. मग मान न वळवता बोलायला लागला. "दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं मला. चपला हलत नव्हत्या. पण कुणाला कसं विचारायचं, तुझं घर रिकामं का म्हणून? मी पलीकडे होतो ना, तेव्हा माझ्या आईनंही शर्ट टांगला होता माझा. दर नव्या वर्षाला दोरा. मी आलो तेव्हा बाहीला इतके दोरे होते की हात आत जाईना. तोवर आई गेली होती."

मी मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढं मला जमलं.

सोमवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं ते मीच. सोमचित दाराबाहेर उभा होता. डॉक्टर ऐकत राहिले, मग त्यांनी बैठकीसाठी ठेवलेले ते चार फोटो काढून टाकले. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. हातातोंडाशी आलेला शोध गेला होता.

"ते घर यादीतून काढावं लागेल, ताई. मागच्या सगळ्या महिन्यांसकट."

"काढा. आणि सोमचितला?"

त्यांनी सोमचितला आत बोलावलं. "दादा, यापुढे माणूस समोर दिसल्याशिवाय त्याची डबी घ्यायची नाही."

"बरं."

"आणि त्या आजीकडे जायचं थांबवू नका. एकच डबी आणा. एकटी राहणारी म्हातारी माणसंही बघायला हवीत मला."

हे खरंच हवं होतं की त्यांनी तिथल्या तिथं रचलं, ते मी विचारलं नाही.

आजीनं एकच डबी द्यायला सुरुवात केली, पण फुगून. पहिल्या महिन्यात साबण घेतला नाही. "एका माणसाला कितीसा साबण लागतो," म्हणाली. सोमचितनं तो शिडीच्या पायरीवर ठेवला आणि निघाला. पुढच्या खेपेला तो पायरीवर नव्हता, पण त्याबद्दल दोघंही बोलले नाहीत. मी दुखण्याच्या गोळ्या पाठवत होते. प्लेटवरचे गुलाबी ठिपके थोडे विरळ झाले, निळे होते तेवढेच राहिले.

मग नवं वर्ष आलं. पीमायचे पाणी उडवायचे दिवस, सगळं थाखेक ओलंचिंब, आणि आम्ही प्रयोगशाळेला कुलूप लावून बसलेले. सण उरकल्यावर सोमचितची पहिली फेरी झाली. मी पेटी उघडली आणि डब्या लावायला घेतल्या. हातसायच्या शेवटच्या घराच्या चार डब्या होत्या.

"दादा, पुन्हा?" माझा आवाज चढला. "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तुला? चेहरे बघितलेस का?"

"तू प्लेटा लाव."

"मी काय विचारतेय?"

"लाव आधी. मग बोल काय बोलायचं ते," म्हणाला आणि शीळ घालत हात धुवायला गेला. दोन्ही मनगटांवर कोपराच्या दिशेनं नवेकोरे दोरे चढले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवीही खाली न ठेवता उबेचं कपाट उघडलं. पहिली प्लेट ओळखीची, आजीची, विरळ गुलाबी आणि निळे ठिपके. दुसरीवर नुसते निळे. तिसरीवर गुलाबी ठिपके, पण मोठे, फुगीर, आजीच्या ठिपक्यांशी काही संबंध नसलेले. चौथी कोरी. मी ती उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली, तिच्यावर काहीसुद्धा उगवलं नव्हतं.

चार प्लेटांवर चार तऱ्हा. मी तिथंच स्टुलावर बसले. डॉक्टर आले, त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"आली वाटतं सगळी घरी," ते म्हणाले.

मी मान हलवली. मला रडू येत होतं, आणि या वेळी ढकलायला जवळ चेओही नव्हता.

पुढच्या महिन्यात त्या घरच्या दोन डब्या आल्या. सोमचितनं सांगितलं, लाम्फोन आणि जावई परत पलीकडे गेले, कामावरून निरोप येत होते. पण तेंगला मागे ठेवून गेले. पुढे शाळेत घालायचंय, तिथं कागदांशिवाय कोण घेणार.

"रडली असेल पोर," मी म्हटलं.

"खूप. शिडीवरून हलेना. आता आजीच्या मागं मागं असते. आजी तिला हातानं भरवते, भाताचा गोळा मळून मळून मऊ करते, चेओला नुसता टेकवते आणि मग तोंडात घालते. मी म्हटलं, मोठी झालीय, खाईल आपापली. तर माझ्यावरच ओरडली."

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. आजीची प्लेट नेहमीसारखी. तेंगची प्लेट आता कोरी नव्हती. तिच्यावर थोडे गुलाबी ठिपके होते आणि कडेला एक निळा. ओळख पटवायला वियेंतियानला पाठवायला हवे होते, तसे पाठवलेही, पण मला गरज नव्हती. त्या घराचे रंग मी झोपेतसुद्धा ओळखले असते.

डॉक्टरांनी प्लेट हातात घेतली आणि आजीच्या प्लेटशेजारी धरली. घरातल्या घरात किती लवकर जातात, हे त्यांना कळायला हवं होतं. ते कळलं होतं. या खेपेला ते हुरळले नाहीत. कदाचित त्यांना घरची लेक आठवली असेल.

मला वाईट वाटलं. त्या पोरीच्या पोटात आता काय शिरलंय आणि ते कधी कसं उलटेल हे मला इतर कुणापेक्षा जास्त कळतं. पण खोटं कशाला सांगू, त्याच वेळी मला बरंही वाटत होतं. ते ठिपके कुठून आले हे मी बघू शकत होते. म्हातारीची बोटं, मळलेला भात, उघडलेलं छोटं तोंड. रोज दोन वेळा.

सोमचित पेटीत बर्फ भरत होता. मी साबणाच्या दोन वड्या त्याच्या पिशवीत टाकल्या, मग आणखी एक टाकली.

"आजीला सांग, पोरीला भरवायच्या आधी हात धुवायचे. नखांतून. संडासहून आल्यावर दोनदा. आणि दुकानवालीकडे फिरकायचं नाही. मी स्वतः येणार आहे बघायला, सांग."

"सांगतो." त्यानं पेटीचं झाकण दाबून बसवलं, मोटरसायकलवर टांग टाकली आणि थांबला. तेंगची प्लेट त्यानंही पाहिली होती. "बुआवान, हातानं भरवूच नको म्हणून सांगू का?"

"खबरदार सांगशील तर," मी म्हटलं.